इंदूरच्या महाराजांची मोटार

आपल्या लष्करात जुन्या मोटारींचा विषय निघाला की बोलणे माधो महाराजांवर येऊन थांबते. जयविलासमध्ये जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहे. १९०८ साली मुंबई-कोल्हापूरच्या घाटरस्त्यांवर कसोटीला उतरलेली रोल्स-रॉइस गाडी पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली, हेही वडीलधाऱ्यांकडून कानावर आलेले असते. तरी या अंकात आम्ही शेजारच्या संस्थानाकडे वळत आहोत. त्याला कारण घडले एक छायाचित्र.

आठवीतल्या एका मुलाने पणजोबांच्या पेटीत सापडलेला फोटो शाळेत आणला. उघड्या टपाची एक मोटार, तिच्याजवळ फेटा बांधलेले चार गृहस्थ, आणि मागे पेन्सिलीने लिहिलेले: इंदूर, होळकर सरकारची मोटार. पणजोबा होळकरांच्या दप्तरात नोकरीला होते. घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले, की ही महाराज यशवंतरावांची सुप्रसिद्ध अमेरिकन गाडी. मुलाने नावही शोधून आणले होते, ड्युझेनबर्ग. आता हे खरे की खोटे ते शाळेने सांगावे, असा त्याचा आग्रह. खरे निघाले तर वर्गात त्याचा मान, खोटे निघाले तर घरातल्या आजीची निराशा. आम्ही होकार दिला, आणि मग गाडीच्या निमित्ताने त्या माणसाचे सारे चरित्रच वाचावे लागले.

यशवंतराव होळकर यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. वडील तुकोजीराव तिसरे. यशवंतरावांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले, आधी चार्टरहाउस या शाळेत आणि नंतर ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात. १९२४ साली, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढल्याच वर्षी मुंबईत मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडले. त्यात इंदूर दरबाराकडे बोट दाखवले गेले आणि १९२६ साली तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. अशा रीतीने साडेसतरा वर्षांचा मुलगा महाराज झाला. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मात्र त्यांच्या हाती १९३० च्या मे महिन्यात आले.

बदनामीच्या सावटात मिळालेल्या गादीवर बसणाऱ्या तरुणाला आपले निराळेपण दाखवावेसे वाटले असेल, असा आमचा तर्क आहे. ऑक्सफर्डमध्ये त्यांची ओळख एकार्ट मुथेसिउस या बर्लिनच्या तरुण वास्तुशिल्पकाराशी झाली होती. त्याच्याकडून महाराजांनी इंदुरात माणिक बाग हा राजवाडा १९३० ते १९३३ या काळात बांधून घेतला. कमानी नाहीत, नक्षी नाही, सरळ रेषा, धातू आणि काच. उन्हाळ्यासाठी वातानुकूलन. कितीतरी सामान जर्मनीत तयार होऊन बोटीने आले. त्याच वास्तुशिल्पकाराने महाराजांसाठी आगगाडीचा खास डबा आणि मोटारीमागे ओढायचे फिरते घरही आखले. बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन मोठी चित्रे काढली. १९२९ च्या चित्रात ते युरोपीय पद्धतीच्या काळ्या पोशाखात आहेत, तर काही वर्षांनंतरच्या चित्रात मराठा दरबारी वेशात. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर एकाच माणसाची आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही.

मोटारींचे वेड हे याच वृत्तीतले. पॅरिस, लंडन, अमेरिका, जिथे जे सर्वांत नवे ते महाराजांना हवे असे. हिस्पानो-सुइझा ही फ्रान्समधली बलाढ्य बारा सिलिंडरची गाडी त्यांच्याकडे होती. पण सर्वांत गाजली ती अमेरिकन ड्युझेनबर्ग.

या नावामागे फ्रेड आणि ऑगस्ट असे दोघे भाऊ होते. फ्रेडचा जन्म जर्मनीतला, १८७६ चा. म्हणजे आपल्या माधो महाराजांच्या जन्माचे तेच वर्ष. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आयोवा प्रांतात शेती करायला गेले. फ्रेडने आधी सायकली केल्या, मग शर्यतीच्या मोटारी. १९२१ साली त्यांच्या गाडीने फ्रान्सची ग्रां प्री शर्यत जिंकली. चारही चाकांना तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक विक्रीच्या मोटारीला लावण्यातही हे बंधू आघाडीवर होते. हिशेबाच्या बाजूने मात्र दोघे कच्चे. १९२६ मध्ये एरेट लॉबन कॉर्ड या उद्योजकाने त्यांची कंपनी घेतली आणि फ्रेडला सांगितले, की किमतीचा विचार न करता जगातील उत्तम मोटार कर. ती गाडी ‘मॉडेल जे’ या नावाने १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला लोकांपुढे आली.

तिचे इंजिन सुमारे ६.९ लिटरचे, एका रांगेत आठ सिलिंडर, बत्तीस व्हॉल्व्ह, शक्ती २६५ अश्वशक्ती. त्या काळी सामान्य फोर्ड गाडी चाळीस अश्वशक्तीवर समाधानी असे. फोर्ड चारशे-पाचशे डॉलरमध्ये मिळे. ड्युझेनबर्गची नुसती चासी, म्हणजे वर घर नसलेला पाया आणि इंजिन, ८,५०० डॉलरला. त्यावर बॉडी कोणाकडून बांधायची ते गिऱ्हाइकाने ठरवायचे आणि पैसे वेगळे द्यायचे. आमच्या मुलांना सर्वांत आवडला तो तिचा डॅशबोर्ड. साधारण ७५ मैल धावले की गाडी आपोआप आपल्या सांध्यांना तेल घाली. सातशे मैल झाले की इंजिनचे तेल बदला असा दिवा लागे, चौदाशे मैलांना बॅटरीतले पाणी पाहा असा दुसरा. हे सगळे दातेरी चाकांवर, संगणक स्वप्नातही नव्हता तेव्हा.

१९३२ साली या इंजिनाला हवा दाबून भरणारा पंखा, म्हणजे सुपरचार्जर, बसवला गेला आणि शक्ती ३२० अश्वशक्तीवर गेली. या गाड्यांना ‘एसजे’ म्हणतात. त्याच वर्षी फ्रेड ड्युझेनबर्ग स्वतः मोटार अपघातात जखमी होऊन वारला. अमेरिकेत मंदी होती. लाखो लोक बेकार असताना अशी गाडी घेणार कोण? कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. तोवर जे जातीच्या सुमारे ४८० गाड्या तयार झाल्या होत्या, त्यांत सुपरचार्जर असलेल्या अवघ्या ३६ च्या आसपास. इंदूरच्या महाराजांची गाडी ही त्या छत्तिसांतली आणि एकूण गाड्यांतही अगदी अखेरच्यांपैकी. चासी अमेरिकेतून लंडनला गेली आणि तिथे चेल्सी भागातल्या गर्नी नटिंग या कारखान्याने तिच्यावर लांबलचक उघडी बॉडी चढवली. रंग नारिंगी आणि काळा. चाकांच्या दोन आसांमधले अंतरच जवळजवळ ३.९ मीटर, आणि एवढ्या लांबीत मुख्य आसने दोन!

आता फोटोकडे येऊ. जुनी मोटार ओळखायची म्हणजे आधी बोधचिन्ह शोधायचे, असा मुलांचा समज होता. बोधचिन्ह सर्वांत शेवटी पाहावे, कारण ते काढून दुसरे लावणे सर्वांत सोपे असते. आधी मापे पाहावीत. फोटोतल्या उभ्या माणसांची उंची अंदाजे धरून मुलांनी पट्टीने हिशेब केला. आसांमधले अंतर पावणेतीन मीटरच्या आसपास आले. म्हणजे ड्युझेनबर्ग तिथेच बाद झाली. मग भिंग लावून बॉनेटची बाजू पाहिली. सुपरचार्जर असलेल्या ड्युझेनबर्गच्या बॉनेटमधून चकचकीत जाड नळ्या बाहेर आलेल्या असतात. इथे साध्या उभ्या फटी होत्या. (केवळ नळ्यांवरून मात्र कोणी फसू नये. साध्या जे गाड्यांनाही हौशी मालकांनी तशा नळ्या लावून घेतल्या आहेत.) शेवटी रेडिएटरच्या डोक्यावर भिंग नेले, तेव्हा बो-टायच्या आकाराची पुसट खूण दिसली. शेव्हरोलेट, १९३० च्या आगेमागेची.

हे ऐकून मुलाचा चेहरा उतरला. पण शेव्हरोलेटही काही परकी नव्हे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि सुट्या भागांत आलेल्या गाड्या तिथे जोडू लागली. उजवीकडे सुकाणू असलेल्या फोर्ड गाड्या पुष्कळदा कॅनडातल्या कारखान्यातून हिंदुस्थानात येत. दोन महायुद्धांमधल्या काळात आपल्याकडच्या संस्थानांत, वकिलांकडे, डॉक्टरांकडे ज्या अमेरिकन मोटारी दिसत, त्या बहुतेक या दोन घराण्यांतल्या. स्वस्त, उंच, खडबडीत रस्त्यांना दाद न देणाऱ्या. आग्रा-मुंबई रस्त्यावर, जो आपल्या लष्करातून शिवपुरी, गुना करीत इंदूरला जातो, त्या काळी ड्युझेनबर्गपेक्षा शेव्हरोलेटच भरवशाची ठरली असती असे आम्हांला वाटते.

आणि फोटोमागच्या ओळीत खोटे काहीच नव्हते. ‘सरकार’ या शब्दाने घोटाळा केला. आपल्या जुन्या बोलण्यात सरकार म्हणजे खुद्द महाराज, आणि सरकार म्हणजे दरबारचे खातेही. पणजोबांनी दप्तराची गाडी म्हणून लिहिले, नातवंडांनी महाराजांची गाडी म्हणून वाचले. आजींना हे पटले. महाराजांच्या गाडीजवळ कारकुनांना उभे राहून फोटो कोण काढू देणार, असे त्या आपणहून म्हणाल्या.

खऱ्या ड्युझेनबर्गची ओळख पटवणे याहून अवघड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या गाड्या अमेरिकेत जुन्या बाजारात पडून होत्या. लोक एकीची बॉडी काढून दुसरीवर बसवत, इंजिने बदलत. पुढे किमती चढल्या आणि प्रत्येकाला आपली गाडी अस्सल ठरवायची घाई झाली. १९५२ साली स्थापन झालेला ऑबर्न-कॉर्ड-ड्युझेनबर्ग क्लब अशा गाड्या तपासून प्रमाणपत्र देतो. तेथील जाणकार चासीवर ठोकलेला क्रमांक, ‘जे’ अक्षरापुढे तीन आकडे असलेला इंजिनचा क्रमांक, चालकासमोरच्या पडद्यावरची पट्टी आणि बॉडीचा क्रमांक हे सर्व कारखान्याच्या नोंदींशी पडताळतात. चारांपैकी एक जुळत नसेल तर गाडी खोटी ठरत नाही, पण तिची कहाणी बदलते आणि ती तशीच सांगावी लागते.

दुरुस्तीचेही तसेच. जुनी गाडी पूर्ववत करणे म्हणजे चकचकीत रंग मारणे असे पुष्कळांना वाटते. आधी शोधायचे असते, की मूळ रंग कोणता. दाराच्या बिजागरीखाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, जिथे नंतरच्या रंगाऱ्याचा हात पोहोचला नाही तिथे हलकेच खरवडून थर मोजतात. झळाळीवरूनही वय कळते. साधारण १९२८ पूर्वीच्या गाड्यांना निकेलचा मुलामा असे, त्याची झाक पिवळसर. नंतर क्रोम आले, ते निळसर चमकते. १९२५ च्या गाडीला क्रोम लावले की ती देखणी दिसेल, पण ती १९२५ ची राहिली नाही. पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो. आपल्या हवेत त्याला वाळवी लागते, म्हणून इथले सुतार सागवान घालतात. हे आम्हांला चालण्याजोगे वाटते, फक्त काढलेला जुना तुकडा मापासाठी जपून ठेवावा. गाडी नवी होती तेव्हाहूनही जास्त चकाकू लागली तर समजावे, की काम हातून निसटले.

महाराजांच्या चरित्राचेही असेच थर आहेत. सर्वांत वरचा थर चैनीचा. त्यांचा बराच काळ युरोपात आणि अमेरिकेत गेला, प्रजा इकडे आणि राजा तिकडे, ही टीका त्यांच्या हयातीत होत होती आणि ती निराधार नाही. एका मोटारीच्या किमतीत किती विहिरी झाल्या असत्या, हा प्रश्न आमच्या वर्गातल्या मुलीने विचारला. तो टाळण्याजोगा नाही. त्याचे पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही, पण त्याच राजवटीत १९३९ साली गंभीर नदीवर यशवंत सागर हा तलाव झाला आणि इंदूर शहराच्या पाण्याची सोय झाली, हेही वहीत लिहून ठेवावे असे आम्ही तिला सांगितले. तिने ते लिहिले, आणि खाली आपला प्रश्नही तसाच ठेवला.

त्याखालचा थर दुःखाचा. १९३७ साली संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय पंचविशीच्याही आतले. महाराजांनी ब्रांकुशी या थोर शिल्पकाराकडून पक्ष्याच्या झेपेची तीन शिल्पे घेतली होती, एक काशाचे आणि काळ्या व पांढऱ्या संगमरवराची दोन. त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले होते. १९३७ च्या अखेरीस शिल्पकार त्यासाठी मुद्दाम इंदूरला आला. महाराज तिथे नव्हते. मंदिर झालेच नाही. संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत. महाराजांनी पुढे दोन विवाह केले, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी.

तिसरा थर क्रिकेटचा, आणि तो मुलांना ओरबाडून काढावा लागला नाही. कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. मुश्ताक अली याच संघातले. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर महायुद्धामुळे हिंदुस्थानात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा करूनही मुंबईपुढे संघ हरला.

राजकारणातही ते अगदीच मुके नव्हते. १९४२ साली त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात लक्ष घालण्याची विनंती केली. एका संस्थानिकाने असे करणे इंग्रजांना रुचले नाही. स्वातंत्र्यानंतर २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्याचे उद्घाटन झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि इंदूरचे यशवंतराव उपराजप्रमुख. शिंदे आणि होळकर यांची दीडशे वर्षांची चढाओढ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना एका राज्याच्या कागदावर ही दोन नावे पाहून गंमत वाटेल. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. हे राज्य ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत चालले. यशवंतराव ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत वारले. तेव्हा त्यांचे वय ५३ होते. इंदूरला कोणी आजारी पडले की ज्या एम.वाय. रुग्णालयाचे नाव आधी निघते, त्यातले एम.वाय. म्हणजे महाराजा यशवंतराव, हे आमच्यातल्या पुष्कळांना या निमित्तानेच कळले.

माणिक बागेतले फर्निचर १९८० मध्ये परदेशात लिलावात गेले. वाड्यात आज केंद्रीय करांचे कार्यालय आहे. २०१९ साली पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने महाराजांवर मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा या वस्तू पुन्हा एकत्र पाहायला मिळाल्या, पण इंदुरात नव्हे. नारिंगी-काळी ड्युझेनबर्गही अमेरिकेत परत गेली आणि तिथल्या संग्राहकांनी ती सांभाळली. ती इथे राहिली असती तर टिकली असती का, यावर आमच्या शिक्षक-खोलीत दोन मते आहेत.

पालकांच्या माहितीसाठी एक गोष्ट. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, नूतनीकरणाला ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शनाला, मिरवणुकीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. तेव्हा कोणाच्या वाड्यात ताडपत्रीखाली एखादा सांगाडा उभा असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी चासीवरचा क्रमांक उतरवून घ्यावा. रंग खरवडू नये, पाट्या काढू नयेत.

आठवीच्या मुलांनी आता ओलीतल्या घरोघरचे मोटारींचे फोटो जमवायला घेतले आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी मूळ फोटो न देता प्रत द्यावी. मागे काही लिहिलेले असल्यास त्या बाजूचीही प्रत जोडावी. अक्षर मोडी असले तरी चालेल, वाचून देणारे दोन आजोबा आपल्या मंडळात आहेत. शेव्हरोलेटचा फोटो ग्रंथालयाच्या फलकावर लावला आहे. खालची चिठ्ठी मुलाने स्वतःच लिहिली: शेव्हरोलेट, इंदूर दरबारच्या दप्तराची गाडी, डावीकडून दुसरे माझे पणजोबा.